आखाडातली फायनल

लंडनला दर वर्षी जूनच्या शेवटी विंबल्डन सुरू होतं आणि त्याच सुमाराला आमच्याकडं आखाड लागतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं कुणाच्या ध्यानीमनी येणार नाही. माझ्याही आलं नसतं. पण माझं लग्न झालं त्या वर्षी या दोघांनी मिळून मला असं काही कात्रीत धरलं, की आजही टीव्हीवर ते मैदान दिसलं की मला आधी आखाडात तळतात त्या गोड कापण्यांचा वास येतो.

तुम्ही विचाराल, परभणीच्या पोरीला टेनिसचं वेड लागलं कुठून? तर शेणातून. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, परभणीला साहेब लोकांच्या क्लबात शिपाई होते. क्लबाच्या मागं टेनिसचं मैदान होतं. गवताचं नाही, सिमेंटचंही नाही. मुरूम दाबून वर शेणामातीनं सारवलेलं. दर शनिवारी सकाळी आई आणि मी ते सारवायला जायचो. अंगण सारवतात तसंच ते काम, फक्त अंगण संपतं आणि हे संपता संपत नसे. शेणात बारीक भुसा कालवायचा, नाहीतर वाळल्यावर पोपडे निघतात. आम्ही बाजूला झालो की दादा दगडी रूळ फिरवायचे, मग सुतळी ताणून चुन्यानं रेघा मारायचे. रेघ एवढीशी जरी वाकडी गेली तरी पुसून पुन्हा मारायचे. घरात आमच्या एकही भिंत सरळ नव्हती, पण त्या मैदानावर दादा कुणाला चुन्याचा ठिपका चुकू द्यायचे नाहीत.

संध्याकाळी साहेब खेळायला यायचे तेव्हा मी लिंबाखाली बसून आकडे ऐकायची. पंधरा, तीस, चाळीस. मला हे काही केल्या उमगेना. पंधरानंतर तीस ठीक, पण मग पंचेचाळीस का नाही? ते पाच गेले कुठं? दादांना विचारलं तर म्हणाले, "साहेब लोकांचं हाय ते. त्यात आपुन कामून डोकं घालायचं?" मी घातलं. एका साहेबांना जाऊन विचारलंच. त्यांनी मान खाजवली, दुसऱ्याकडं पाहिलं. दुसरे म्हणाले, "तसंच असतं." पुढं आयुष्यात हे उत्तर मला फार जणांनी फार गोष्टींबद्दल दिलं आणि दर वेळी मला तितकाच राग आला.

परभणीत टीव्ही दिसायला लागला तेव्हा पहिल्यांदा तो आला क्लबात. काळा-पांढरा, लाकडी पेटीतला, शटर ओढायचा. विंबल्डनची फायनल दाखवणार म्हटल्यावर दादा मला घेऊन गेले. साहेब लोक खुर्च्यांवर आणि आम्ही बाप-लेक दाराशी. चित्र लागलं आणि दादा एकदम पुढं सरकले. मैदान राखाडी दिसत होतं, अगदी आमच्या मैदानासारखं, आणि दोन्ही टोकांना, खेळाडू उभे राहतात तिथं, मोठाले पांढुरके पट्टे पडले होते. दादांना वाटलं सारवण उडालंय. मलाही तसंच वाटलं, वाटणारच. आम्हाला मैदान म्हणजे सारवलेलंच माहीत. "एवढी मोठी स्पर्धा," दादा हळूच म्हणाले, "आन् मैदानाला पोपडे? तिथला शिपाई काय झोपा काढायलाय का? सकाळच्याला एक हात फिरवला असता तर!" मग थोड्या वेळानं त्यांना त्या शिपायाची दयाच यायला लागली. एवढं जग बघतंय, गड्याची नोकरी जाणार म्हणाले. शेवटी एका साहेबांनी मागं वळून सांगितलं की अहो, ते गवत आहे, पंधरा दिवस खेळून खेळून तिथलं झिजलंय. दादांनी मान डोलावली, पण मनातून त्यांना ते पटलं नाही. गवतावर चेंडू उडेलच कसा, हे मला घरी येईपर्यंत विचारत होते.

त्या दिवशी शेवटच्या टप्प्यावर मधेच बातम्या लागल्या. बातम्या संपेपर्यंत मॅच संपली होती. पुढच्या वर्षी ऐन वेळी लाईट गेली. तिसऱ्या वर्षी कुठलेसे मोठे साहेब पाहुणे आले, तर आम्हाला दारातूनच पिटाळलं. चौथ्या वर्षीही काहीतरी झालंच. म्हणजे मी टेनिसची एवढी भक्त, खेळाडूंच्या बॅकहँडपासून बूट बांधायच्या सवयीपर्यंत सगळं मला पाठ, आणि फायनलचा शेवटचा गुण मात्र मी जन्मात पाहिला नव्हता. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेपर यायचा, त्यात जिंकलेलीचा थाळी उंचावलेला फोटो असायचा. हरलेली कुठं गेली? शेवटचा चेंडू पडल्यावर त्या दोघी नेटपाशी येऊन हातात हात देतात असं मी ऐकलं होतं. तेव्हा त्या काय बोलतात? दोन तास जिच्याशी जिवाच्या आकांतानं भांडलो, तिला त्या क्षणी काय म्हणायचं असतं? आणि हरलेलीचं तोंड तेव्हा कसं दिसतं? मला हे पाहायचं होतं. इतकं पाहायचं होतं की त्याच्या पुढं जिंकणं-हरणं दुय्यम वाटायचं.

त्यात मला आवडायची ती खेळाडू बिचारी हरणाऱ्यांतलीच. बुटकी, आडव्या बांध्याची, सर्व्हिसच्या आधी चेंडू तीनदा आपटणारी. फायनलपर्यंत यायची आणि हात हलवत जायची. माझ्या लग्नाच्या वर्षी पेपरात आलं की आता तिचं वय झालं, बहुतेक ही तिची शेवटचीच खेप.

माझं लग्न झालं उन्हाळ्यात, पाथरीला. नवरा शाळामास्तर. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची, आमच्याकडं तशीच रीत. अंगानं काटक, नऊवारी लुगडं, बोलणं कमी आणि जे बोलतील ते खणखणीत. घरात टीव्ही होता, काळा-पांढराच, रविवारच्या पौराणिक मालिकेसाठी त्यांनीच हट्टानं घ्यायला लावलेला. माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर, वर वेळूच्या काठीला बांधलेली अँटेना, आणि चित्र आणायचं केंद्र पार परभणीला. वारा सुटला की टीव्हीत मुंग्या.

तो ज्येष्ठाचा शेवटचा आठवडा होता. संध्याकाळी टीव्हीवर विंबल्डनचे तुकडे दाखवायला लागले होते. मी भीत भीतच लावला. नव्या सुनेनं आल्या आल्या टीव्हीसमोर बसणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. आत्याबाई सुपात गहू घेऊन शेजारी बसल्या. थोडा वेळ निवडत राहिल्या, मग सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "इथलं सारवण उडालंय गं." मी जी हसत सुटले ती थांबेचना. मग त्यांना क्लबाचं, शेणाचं, दादांचं सगळं सांगितलं. त्या दिवसापासून गहू निवडायची वेळ टीव्हीच्या वेळेला आली. त्यांना गुणांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचे प्रश्न वेगळेच. या बायांची लेकरं कोण सांभाळतं? नवरे सोबत येतात का? एवढा घाम आल्यावर त्या पाणी पितात ते गार का कोमट? आणि एकदा शेवट न दाखवताच माझी बुटकी सेमीफायनलला गेली असं सांगितलं, तेव्हा हरलेलीच्या चित्राकडं बोट दाखवून म्हणाल्या, "आता हिला घरी न्यायला कोण येणार?" मला वाटलं होतं हरलेलीची फिकीर करणारी जगात मी एकटीच आहे.

मग आखाड तोंडावर आला.

लग्नानंतरच्या पहिल्या आखाडात सुनेनं सासरी राहायचं नाही, सासू-सुनेनं एकमेकींचं तोंड पाहायचं नाही. पाहिलं तर सासूच्या जिवाला अपाय. का, तर तसंच असतं. दादा मला बोरीला न्यायला आले. नोकरी संपल्यावर ते आईला घेऊन तिथंच गावी राहात होते. बोरीत टीव्ही होता एकच, ग्रामपंचायतीचा, तोही कुलुपात. मी पिशवी भरताना धुसफुसत होते. आत्याबाई दारात येऊन बसल्या. म्हणाल्या, "तुला खोटं वाटायलंय का?"

मी लुगड्यांच्या घड्या घालत राहिले.

"पोलीस अॅक्शनच्या वर्षीची गोष्ट हाय," त्या म्हणाल्या. "तेरा वर्षांची होते मी. पहिला आखाड. माहेराला गेले तर तिकडं रझाकारांची धामधूम. भावानं रातोरात गाडी जुंपली आन् मला हितं आनून सोडलं. आखाड सरायला आठ दिवस बाकी. सासूनं तोंड बघितलं माझं. दिवाळीच्या आत ताप येऊन गेली. तव्हापासून सगळे म्हनत आले, हिनं सासूला खाल्लं. जावा म्हनल्या, नणंदा म्हनल्या. माझे सासरे सुदिक मरस्तोवर माझ्या हातचं पानी सुखानं प्याले न्हाईत." एवढं सांगून त्या उठल्या आणि माझ्या पिशवीत कापण्यांचा डबा ठेवला. डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. हिशेब सांगावा तसं सांगितलं.

हे सगळं ऐकून मी गेले, आणि तरी पुढं जे केलं ते केलं. म्हणून ते लिहिताना आजही माझा हात जरा अडखळतो.

रेडिओवर कळलं, माझी बुटकी फायनलला पोचली. बायकांची फायनल शनिवारी संध्याकाळी. मी दादांच्या मागं लागले की परभणीला जाऊ, क्लबात दारात बसून पाहू. दादांना ते मैदान पुन्हा बघायची हौस होतीच. दुपारच्या एसटीनं निघालो. परभणीत उतरलो तर क्लबाला कुलूप आणि बाजारात शुकशुकाट. दुपारपासून अचानक बंद. विद्यापीठाचं नाव बदलण्यावरून त्या वर्षांत आमच्याकडं बंद नवा नव्हता. एसटी डेपोत उभ्या, बोरीकडं जाणाऱ्या जिंतूरच्या रस्त्यानं एकही गाडी जाईना. स्टँडच्या मागल्या गल्लीत एक खाजगी जीप तेवढी भरत होती. ती पाथरीची.

दादा म्हणाले, "मावशीकडं जाऊ. राहू रातच्याला, सकाळी बघू." माझी सख्खी मावशी परभणीतच राहायची, स्टँडपासून दहा मिनिटांवर. तिच्याकडं टीव्ही नव्हता.

मी म्हणाले, "मावशी गावाला गेलीय. पत्र आलं होतं."

असलं कुठलंही पत्र आलं नव्हतं. दादांनी माझ्याकडं पाहिलं. ते समजले की नाही, मला कधी कळलं नाही. आम्ही पाथरीच्या जीपमध्ये बसलो. वाटेत मी स्वतःला समजावत होते, की तोंड दाखवायचं नाही एवढंच ना? नाही दाखवणार. मागच्या खोलीत बसेन, पदर ओढून घेईन. टेनिससाठी मी सासूचा जीव डावावर लावतेय असं मनात येऊ लागलं की मी शेतांकडं बघायची. सगळीकडं पेरण्या झालेल्या होत्या.

दारात दादांनी हाक मारली. आतून आत्याबाईंचा आवाज आला, "कोन?" दादांनी बंद सांगितला, एसटी सांगितली, मावशी सांगितली. माझा नवरा कामासाठी गंगाखेडला गेलेला, तोही तिकडंच अडकलेला. मी भिंतीकडं तोंड करून उभी. मग त्या म्हणाल्या, "पोरीला रस्त्यावर ठिवता येतंय का? तिला डोळे झाकून उभी ऱ्हाऊ द्या. मी माळवदावर जाते. मग आत या. अंधार पडल्यावर शेजारी जाईन झोपायला." जिना अंगणातूनच होता. पायऱ्यांवर त्यांच्या पावलांचा आवाज वर गेला, मग मी डोळे उघडले.

आत आले आणि माझी टीव्हीकडं बघायचीही हिंमत होईना. समोर ते शटर बंद. इतका आटापिटा करून आले होते आणि आता हात पुढं जाईना. छपरात, अँटेनाच्या काठीशेजारीच, उजेडासाठी ठेवलेला झरोका होता, वर पत्रा टाकलेला. तो पत्रा खरवडत सरकला आणि वरून आवाज आला.

"लाव की. आज तुझी ती खेळायली न्हाई का?"

मला इतकी लाज वाटली की रडूच कोसळलं. पदरानं डोळे पुसले आणि टीव्ही लावला. नुसत्या मुंग्या.

"आलं का?"

"न्हाई, आत्याबाई."

वर वेळू करकरला. "आता?"

"आलं, आलं! गेलं."

असं पाच-सात वेळा झालं. शेवटी कळलं की त्यांनी काठीला हात लावला की चित्र लख्ख येतं आणि सोडला की जातं. का, ते विचारू नका. त्यांनी वरून सांगितलं, "मग धरून उभी ऱ्हाते. तू बघ."

मी नको नको म्हणत राहिले. बारीक भुरभुर सुरू होती, आत्याबाई गोणपाटाची खोळ डोक्यावर घेऊन काठी धरून उभ्या. दादा खाटेवर बसले, मी जमिनीवर. पहिला सेट समोरच्या तरण्या पोरीनं घेतला, दुसरा माझ्या बुटकीनं. मी वरती तोंड न करता मोठ्यानं सगळं सांगत होते. पंधरा-तीस झालं, आत्याबाई. चाळीस झालं. आत्याबाई वरून विचारायच्या, "पडली का गं ती?" नाही, घसरली, उठली. "पानी पेली का?" पेली. दादांचं लक्ष सगळं मैदानाकडं. "रूळ फिरवायला पायजे," मधूनच म्हणायचे, "लय खड्डे झालेत."

तिसऱ्या सेटला बातम्या लागायची भीती होती, त्या लागल्या नाहीत. लाईट गेली नाही. कुणी पिटाळलं नाही. माझी बुटकी मागं पडली होती आणि सर्व्हिस तिचीच होती. तिनं चेंडू तीनदा आपटला. मी बोलायची बंद झाले. वरूनही आवाज नव्हता, पण चित्र स्वच्छ होतं, जरासुद्धा हललं नाही. लांबलचक रॅली झाली. मग माझ्या बुटकीचा चेंडू नेटला लागला आणि तिच्याच बाजूला पडला.

हरली. मी वाट बघत होते तो क्षण आला आणि मी दोन्ही हात जमिनीला टेकून टीव्हीच्या अगदी जवळ सरकले. तिनं आकाशाकडंबिकडं पाहिलं नाही. रॅकेट डाव्या हातात घेतली, उजवा तळहात स्कर्टला नीट पुसला, आधी पालथा मग उताणा, आणि नेटपाशी गेली. पोरगी समोर आली. हातात हात दिला. माझी बुटकी तिच्या कानाशी काहीतरी बोलली, दोनच शब्द असतील. आणि जिंकलेली ती पोरगी घळाघळा रडायला लागली. माझी बुटकी हसत होती! एवढी वर्षं मी ज्या तोंडाची कल्पना करत होते ते असं हसरं असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"आत्याबाई, ती हसायली!" मी ओरडले आणि भान न राहून वर पाहिलं.

झरोक्यात आत्याबाईंचं तोंड होतं. गोणपाटातून पाणी निथळत होतं आणि त्या सरळ माझ्याकडं बघत होत्या.

मी पदर ओढायचा विसरले, त्याही बाजूला झाल्या नाहीत. दादा खाटेवर होते, त्यांची पाठ झरोक्याकडं. मग वरून, नेहमीच्या आवाजात, त्या म्हणाल्या, "काय म्हनली गं ती तिला?"

"ऐकू न्हाई आलं," मी कसंबसं म्हणाले.

त्यांनी थोडा विचार केला. "म्हनली आसंल, लय खेळलीस, जा आता, जेव." मग पत्रा सरकला आणि चित्र गेलं.

रात्री त्या शेजारी झोपायला गेल्या, सकाळी पहिल्या एसटीनं आम्ही बोरीला. आखाड संपल्यावर मी रीतीप्रमाणं परत आले, तेव्हा चार बायकांसमोर त्यांनी माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाल्या, "महिन्यानं दिसलं सुनेचं तोंड." चेहऱ्यावर काही म्हणता काही नाही. मीही गप्प.

पण माझे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. त्या खोकल्या तरी मी हातातलं टाकून धावायची. श्रावण गेला, महालक्ष्म्या झाल्या, आणि नवरात्राच्या तोंडावर त्यांना ताप भरला. थंडी वाजून, दात वाजून. डॉक्टर म्हणाले हिवताप आहे, गोळ्या घ्या. मी चार दिवस त्यांच्या उशापासून हलले नाही. नवऱ्याला वाटायचं बायको किती सेवा करते. मी सेवा करत नव्हते, मी पहारा देत होते. खुनी बाई जशी मेलेल्याच्या घरापुढून जायला भिते, तसं मला त्यांच्या कपाळाला हात लावायचं भय वाटायचं. पाचव्या दिवशी ताप उतरला. त्यांनी उठून बसून भाकरी मागितली, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन एकीच्या ऐवजी चार भाकरी थापल्या.

दिवाळीला पाडव्याच्या सकाळी आत्याबाई अंगणात ऊन खात बसल्या होत्या. मी रांगोळी काढून उठले तर हाक मारली. "बस इथं." मी बसले.

"झाली का दिवाळी?"

"झाली की."

"मंग मी हाय का न्हाई?"

मला आधी कळेना, मग एकदम त्यांची दिवाळीच्या आत गेलेली सासू आठवली. मी रडत रडत सगळं सांगायला सुरुवात केली, की बंद होता हे खरं, पण मावशीचं पत्र...

"तुजी मावशी परभणीत ऱ्हाती, हे मला मालूम न्हवतं का गं?" त्या म्हणाल्या. "लग्नात माझ्या शेजारी बसून जेवली ती. म्हनली, आखाडात पोरीला चार दिस माझ्याकडं बी पाठवा, मी कुटं जात न्हाई."

"मग कामून येऊ दिलं मला?"

"पहिल्यांदा राग आला. लय आला. मंग वर पानी अंगावर घेत उभी ऱ्हायले तव्हा इचार केला." त्या उन्हाकडं बघत होत्या. "तू वर बघायच्या आधीपासून मी बघत होते तुला. त्या शेवटच्या खेळात सगळा येळ तुझंच तोंड बघितलं. म्हनलं, खरं हाय का खोटं, ते एकदा बघूनच घ्यावं."

शेजारच्या अंगणात पोरं टिकल्या फोडत होती.

"चाळीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा बारीक झाला. "म्हंजे माझी सासू बी तापानंच गेली आसंल. न्हाई का गं?"

"तापानंच गेल्या, आत्याबाई."

त्यांनी मान हलवली. मग उजवा तळहात लुगड्याला नीट पुसला, आधी पालथा मग उताणा, आणि माझ्या हातावर ठेवला.